तेलातले बांध

"सगळे चिंचंमागं व्हा बगू. शेट, तुमीबी."

इंजिन सुरू करण्याआधी मिस्त्री हे म्हणाले नाहीत, असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नाही. भोरला आमच्या शेटच्या भातगिरणीच्या आवारात चिंचेचं एक जाडजूड झाड होतं. हँडल हातात घेतलं की मिस्त्री आधी आम्हा सगळ्यांना त्या खोडामागे पिटाळत. खुद्द शेटसुद्धा तपकिरीची डबी आणि धोतराचा सोगा सांभाळत तिथे जाऊन उभे राहायचे. मग मिस्त्री डोक्याचं मुंडासं काढून बाजूला ठेवायचे, पायातल्या वहाणा काढायचे आणि इंजिनाला हात जोडून म्हणायचे, "दमानं घ्या हं, मालक." शेटना ते शेट म्हणत, मालक म्हणत ते फक्त इंजिनाला. हँडलला झटका दिला आणि इंजिन लागलं, की चार ढांगांत स्वतःही आमच्याशेजारी चिंचेमागे हजर.

तुम्हीही मोटारी दुरुस्त करणारी माणसं पाहिली असतील. एक पाय मडगार्डवर, तोंडात विडी आणि इंजिनाला अशी थाप मारतील की जणू दारचं कुत्रंच. दुसरी लढाई चालू होती त्या दिवसांत आमच्याकडे मोटारी थोड्या आणि मिस्त्री त्याहून थोडे, पण होते ते सगळे असेच तोऱ्यात असायचे. आमचे मिस्त्री मात्र इंजिनाला भीत. आणि नुसते भीत नसत, तसं उघड सांगतही असत.

"वीस वर्षं हेच काम करताय, मग भिता कशाला?" मी एकदा विचारलं.

"बैल मारायच्या आदी डोळं फिरवतो," ते म्हणाले. "इंजन फिरवत न्हाई. भ्यालेलं बरं."

'भ्यालेलं बरं' हे त्यांचं पालुपद. आवळलेल्या नटाला पुन्हा एकदा पाना लावून बघायचे, भ्यालेलं बरं. पेट्रोलचा डबा आवाराच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवायचे, भ्यालेलं बरं. काम संपल्यावर हात सगळेच धुतात. हे काम सुरू करण्याआधी धुवायचे. शेट म्हणायचे, "असला भित्रा मिस्त्री अख्ख्या संस्थानात शोधून सापडायचा नाही." आणि काम मात्र त्यांनाच द्यायचे.

ते मूळचे वेल्ह्याकडचे, पासलीचे. घरची भाताची चार खाचरं डोंगराच्या उतारावर. तरुणपणी भाटघरच्या धरणावर मजुरीला गेले, तिथे पाणी उपसणाऱ्या इंजिनाला तेल घालता घालता इंजिन शिकले. पण लावणी आणि कापणी या दोन वेळांना कोणाची मोटार उघडी पडलेली असो, हे पासलीला जाणार, आणि तेही चालत. लॉरी रिकामी वेल्ह्याला निघालेली असली तरी हे तिच्यामागून धूळ खात पायी. मोटारीत बसायचं म्हटलं की ते चार पावलं मागेच सरायचे.

याला एकच अपवाद होता. आपण बांधलेलं इंजिन पहिल्यांदा रस्त्यावर निघालं की त्या फेरीला मिस्त्री मागच्या हौद्यात बसत. चाकामागे लावायची लाकडी उटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून. ती फेरी मोकळी हवी, माल नको की दुसरं माणूस नको, अशी त्यांची अट असायची. "कायतरी व्हायचंच आसंल तर मी हाय की," म्हणायचे. गाडी चालवणारा मीही असतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

लॉरी होती छोटी, मागे उघडा हौदा असलेली, सहा सिलिंडरची, दहा-बारा वर्षं राबलेली. वेल्ह्याकडचं भात गिरणीवर आणायचं, तांदूळ घेऊन वरंधा घाटाने कोकणात उतरायचं आणि येताना मीठ भरून घाट चढायचा, हे तिचं आणि माझं काम. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो, पण खाकी कोट घालून स्टिअरिंगमागे बसलो की सगळं भोर आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

माघ महिन्यात मीठ घेऊन घाट चढत असताना इंजिनातून खडखड ऐकू आली. काय होतंय हे कळेपर्यंत इंजिन आवळून बंद पडलं. मी घाबरलो आणि करू नये ते केलं: क्लच दाबला. लॉरी मागे सुटली. ब्रेक दाबतोय, हातब्रेक ओढतोय, तरी ती आपली मागे चाललीच आहे. एका बाजूला दरी होती. मागचं एक चाक डोंगराकडच्या गटारात उतरलं, म्हणून ती थांबली. मी खाली उतरलो आणि रस्त्यावरच बसकण मारली.

त्या दिवसापासून माझा उजवा पाय ब्रेकवर गेला की कापायला लागायचा. सपाटीवर थोडा, उतारावर फार. मी कोणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरने घाटाला भ्यायचं म्हणजे काय? नोकरी गेली असती, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मिस्त्रींना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. तीन वाशांची घोडी उभी करून आम्ही इंजिन साखळीने वर उचललं होतं आणि मी खालून ते धरून होतो.

"हात कापतोय तुमचा," ते म्हणाले.

"थंडी वाजतेय."

"फागुनात?"

मी पकड घट्ट केली. साखळीची कडी मात्र त्यांनी आणखी एकदा तपासली.

इंजिन उघडल्यावर दोष लगेच सापडला. पिस्टनच्या सहा दांड्यांपैकी सगळ्यांत पुढच्या दांड्याच्या टोकातला पांढरा धातू वितळून गेला होता. मिस्त्रींनी तो दांडा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"तेल पोचलं न्हाई हितं," ते म्हणाले.

या जुन्या इंजिनात तेल पोचवायची तऱ्हा साधी होती. तळाला लांबट परातीसारखं चेंबर, त्यात तेल आणि ते खेळवणारा एक छोटा पंप. प्रत्येक दांड्याला खाली एक पळी. दांडा फिरला की पळी तेल उडवायची. सपाटीवर हे ठीक. पण घाट चढताना गाडीचं तोंड वर होतं, सगळं तेल मागे जाऊन साचतं आणि पुढच्या दांड्याची पळी कोरडी फिरत राहते. लांब चढ असला की पुढचा दांडा तापून मरतो. इतकी वर्षं मी तो घाट चढत होतो आणि दर वेळी हे माझ्या पायाशी घडत होतं, हे कळल्यावर मला घाम फुटला.

शेटना मात्र वेगळीच घाई होती. "उघडलंच आहे तर जरा जोर वाढवा," ते म्हणाले. "चार पोती जास्त चढली पाहिजेत."

"जोर वाढीवला की भ्याबी वाढवाया लागतं, शेट," मिस्त्री म्हणाले. पण शेटनी पुण्याहून मोडीत निघालेल्या एका मोठ्या मोटारीचं कार्बोरेटर आणलंच. हेडही, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पुण्यालाच नेऊन घासून आणलं. हेड घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि इंजिनाला जोर येतो. लढाईमुळे नवे भाग मिळत नव्हते, पण ही दोन कामं तेवढी जमून गेली.

बाकी सगळं काम आवारात चिंचेखाली झालं. मिस्त्रींनी दांड्यांत नवा धातू ओतला. तो शाफ्टवर नीट टेकतो की नाही हे बघायला त्यांनी कपड्यांना घालायची नीळ तेलात कालवून शाफ्टला फासली. दांडा बसवायचा, फिरवायचा, काढायचा, जिथे निळा डाग उठेल तिथे पातळसं खरवडायचं. पुन्हा बसवायचा. सहा दांड्यांना अकरा दिवस लागले. मिस्त्रींची बोटं, नाक आणि एक कान निळे झाले होते, आणि शेटच्या घरची मोलकरीण निळीची पुडी कुठे गेली म्हणून सगळीकडे ओरडत फिरत होती.

मग ते चेंबर घेऊन बसले. दोन दिवस नुसते त्याच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला आणि चेंबरात आडव्या पट्ट्या उभ्या करून त्यांना डाख दिला. एकामागे एक, पाच पट्ट्या.

"हे काय केलंत?"

"बांध," मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी आनंद दिसला. "आमच्याकडं डोंगरावर भात कसं हुबं ऱ्हातं? उताराला पानी थांबतं का? बांध घातला की थांबतं. वरचं खाचर भरलं की पानी बांधावरनं खालच्यात, खालचं भरलं की त्याच्या खालच्यात. तसंच हितं. पंप मागच्या टोकाला बसिवतो. त्यो तेल उचलून म्होरच्या, पयल्या खाचरात टाकनार. तितनं उतरत उतरत परत पंपापाशी. घाट किती का चढंना, परत्येकाच्या पळीखाली तेल ऱ्हानार."

मी गुडघ्यावर बसून त्या पत्र्याच्या खाचरांकडे बघत राहिलो. पुण्या-मुंबईच्या कारखान्यात कोणाला सुचलं नसतं असं ते काम होतं. चेंबराखाली एका बाजूला विटा घालून त्यांनी ते तिरपं केलं, तेल ओतलं आणि मला दाखवलं. पाची बांधांमागे तेल अगदी सारखं उभं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

इंजिन बसलं. आम्ही सगळे चिंचेमागे गेलो, झटक्याला लागलं, आणि आवाज असा गोड की शेटनी तपकीर ओढायची विसरून ती हातातच धरून ठेवली. पहिली मोकळी फेरी दुसऱ्या दिवशी काढायची असं ठरलं.

पण त्याच संध्याकाळी शेटनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगवलीहून वऱ्हाड न्यायचं आहे. नवरदेवाचे वडील त्यांचे जुने स्नेही. मुलगी कोकणातली, घाटाच्या पायथ्याच्या गावची. मुहूर्त गोरजाचा. शब्द दिला होता.

"पयली फेरी मोकळी, शेट," मिस्त्री म्हणाले.

"अहो, पोती नाहीत, माणसं आहेत. हलकी."

"मानसं हलकी?" मिस्त्री एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणालो असतो तर शेटना ऐकावं लागलं असतं. मी खाली बघत चाकाची हवा तपासत राहिलो.

सकाळी अठरा माणसं हौद्यात चढली. नवरदेव बाशिंग हातात धरून, त्याचे वडील केबिनमध्ये माझ्याशेजारी. नवरदेवाची एक आत्या होती, दोन्ही पायांनी अधू. तिला दोघांनी उचलून वर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होती, त्यामुळे तिने सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की आता आपण उतरणार नाही. मिस्त्री सगळ्यांत मागे, उटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून.

लॉरीने चढ असा घेतला की माझा मलाच विश्वास बसेना. जिथे पहिल्या गिअरमध्ये कुथत जायची तिथे दुसऱ्यात सरळ चढली. वऱ्हाडातल्या बायका गाणी म्हणत होत्या. पाय मात्र कापत होता, कारण पुढे काय आहे हे मला ठाऊक होतं. खिंडीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या देवीच्या देवळापाशी थोडी सपाटी आहे. तिथे मी गाडी थांबवली. पुढची चाकं कोकणाच्या उताराला किंचित लागलेली.

मिस्त्री उतरून रेडिएटरमध्ये पाणी घालायला लागले. घागरीतलं थोडं पाणी बाहेर सांडलं. ते जमिनीवरून वाहत गाडीच्या पुढे निघालं. मिस्त्री त्या पाण्याकडे बघत राहिले. घागर तशीच तिरपी हातात, आणि पाणी सांडतंय. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"डायवर," ते अगदी हळू म्हणाले, "माजं चुकलं."

"काय?"

"पानी म्होरं चाललंय बगा. सकाळपास्नं मागं जात व्हतं." त्यांनी घागर खाली ठेवली. "आमचा डोंगर एका बाजूलाच उतरतो वो. खाचर कवा उलटं व्हत न्हाई. गाडी उलटी व्हतीया. आता उताराला सारं तेल पयल्या खाचरात बसनार, बांध त्याला मागं येऊ देनार न्हाईत. पंप मागं कोरडा. चार वळनं गेलो की दांडा तुटतोय."

मला कळायला एक क्षण लागला. त्या काळच्या लॉऱ्यांचे ब्रेक सळयांवर चालायचे, भरली गाडी घाटात एकट्याने धरणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. उतारावर गाडी धरतं ते गिअरमधलं इंजिन. ते उतारात तुटलं तर लॉरी सुटणार, अठरा माणसांसकट.

"मग परत भोरला जाऊ," मी म्हणालो.

"तिकडंबी उतारच की."

आम्ही खिंडीच्या माथ्यावर उभे होतो. कुठेही निघालो तरी उतारच होता.

मिस्त्रींनी मुंडासं काढलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर जाऊन उभे राहिले. ते खरं सांगतील, असं मी धरून चाललो नव्हतो. काहीतरी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी सरळ सांगितलं, "माजी चूक झाली. इंजन म्या चुकीचं बांधलं. समदी खाली उतरा."

नवरदेवाचे वडील भडकले. मुहूर्त, पाहुणे, अब्रू, सगळं काढलं. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मानसं चालत जातील, गोरजाला पोचतील. गाडी मी उलटी उतरिवतो. तोंड भोरकडं, शेपूट कोकनाकडं. मंग तेल मागं पंपाकडंच ऱ्हातंय. मागच्या गिअरात इंजन धरून ठिवंल."

सगळे चालत जायला तयार झाले, एक आत्या सोडून. तिला चालताच येत नव्हतं, आणि पाठीवर घेऊन इतका घाट कोण उतरणार? ती हौद्यात गोणपाटावर बसून राहिली. "मी बसनार म्हनाली हुती ना," ती मिस्त्रींना म्हणाली, "मंग बसली."

सपाटीवर मी लॉरी वळवली. मागचा गिअर टाकला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकलो आणि मागे बघत लॉरी घाटात सोडली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. मिस्त्री लॉरीच्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला, दहा हातांवर उलटे चालत होते. तोंड माझ्याकडे, हातात उटी. गाडी सुटली असती तर पहिले तेच. दोन वऱ्हाडी दगड घेऊन बाजूने चालत होते, बाकीचे बरेच मागून.

"येऊ द्या," मिस्त्री म्हणायचे. "येऊ द्या. डावीकडं. येऊ द्या. थांबा."

मी थांबायचो. पाय ब्रेकवर असा थरथरायचा की टाचेचा आवाज येत होता. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. हौद्यातून आत्या देवाचं नाव घेत होती ते मला ऐकू येत होतं.

तिसऱ्या वळणावर खडी होती. "थांबा," मिस्त्री म्हणाले. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला, आणि माझा पाय ब्रेकवरून सुटला. खडीचा दोष नव्हता, ब्रेक तुटला नव्हता, काही नव्हतं. पाय कापत होता, तो सुटला. क्लच दाबलेला, त्यामुळे इंजिनानेही धरलं नाही. लॉरी मागे गेली.

मिस्त्रींना डोंगराच्या बाजूला उडी मारता आली असती, तिकडे जागा होती. ते उडी मारून बाजूला झाले नाहीत. ते खाली वाकले आणि उटी चाकाखाली सारली. चाक उटीवर चढलं, उटी खडीवरून थोडी सरकली, आणि मग लॉरी थांबली. चाकाखाली मिस्त्रींचा डावा पाय होता.

ते ओरडले नाहीत. ओरडली ती आत्या. मी खाली उतरलो, पडलो, उठलो, तोवर त्या दोघांनी दगड लावून, चाक उचलून त्यांना ओढलं होतं. मागून वऱ्हाड धावत आलं. नवरदेवाचे वडील विचारत होते, काय झालं, काय झालं. मी तोंड उघडलं.

"उटी लावाया मला उशीर झाला," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "डायवरानं गाडी धरली म्हनून, न्हाईतर आत्याबाई दरीत व्हत्या."

मी तोंड मिटलं.

त्यांना आत्याच्या शेजारी गोणपाटावर निजवलं. थोड्या वेळाने ते कोपरावर उठून बसले आणि मागे बघत मला सांगायला लागले, "येऊ द्या. येऊ द्या." उटी आता एका वऱ्हाड्याच्या हातात होती. उरलेला सगळा घाट मी त्यांच्या आवाजावर उतरलो. इंजिनाने शेवटपर्यंत एकदाही वेडावाकडा आवाज केला नाही.

लग्न मुहूर्तावर लागलं. मिस्त्रींना बैलगाडीने महाडला डॉक्टरकडे नेलं, त्यांच्या पायाचा पंजा काढावा लागला. आणि इकडे मांडवात नवरदेवाच्या वडिलांनी मला पाटावर बसवून माझ्या डोक्याला फेटा बांधला. आत्याने माझी अलाबला घेतली. माझ्यामुळे ती वाचली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. मी बसून होतो, पुरणपोळी वाढलेली होती, आणि मी 'नाही' एवढा एक शब्द उच्चारू शकलो नाही. भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

महिन्याने मिस्त्री भोरला आले, कुबडी घेऊन. लॉरी तोवर आम्ही तशीच उलटसुलट करत परत आणली होती. त्यांनी पोत्यावर बसून मला चेंबर उघडायला लावलं, बांधांना तळाशी भोकं पाडायला लावली, पंप मागून काढून मधोमध बसवायला लावला. चार दिवस आम्ही दोघंच होतो त्या झाडाखाली. पाना द्या, दिवा धरा, हे सोडून मी काही बोललो नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पाचव्या दिवशी ते पासलीला गेले, या वेळी बैलगाडीने, आणि पुन्हा कोणाच्या इंजिनाला त्यांनी हात लावला नाही.

ते इंजिन उत्तम चाललं. चढताना, उतरताना, कुठेही कुरकूर नाही. मी पुढे पाच वर्षं ती लॉरी चालवली. भात आणायला वेल्ह्यापर्यंत जायचो. पासली तिथून पुढे. तिकडे जायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढायचो, दुसऱ्याला पाठवायचो. दर खेपेला वाटायचं, या वेळी जावं, सांगून टाकावं. मग पाय कापायला लागायचे.

संस्थान विलीन झालं त्या साली शेटनी लॉरी विकली. मी शेवटची फेरी वेल्ह्याला केली आणि तिथून पासलीला चालत गेलो. घर विचारत विचारत पोचलो. दारात एक म्हातारी बाई उभी होती. तिचं मोकळं कपाळ बघूनच मला कळलं, आणि मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"तुमी भोरचं डायवर," ती म्हणाली.

"कसं ओळखलंत?"

"ते म्हनायचे, डायवर आला तर दारातच हुबा ऱ्हाईल." ती आत वळली, मग परत फिरली. "औंदाच्या पावसाळ्यात गेलं ते."

मी म्हणालो, "मला त्यांना एक सांगायचं होतं."

"मला ठावं हाय. तुमचा पाय सुटला ब्रेकावरनं. उटी लावायच्या आदी त्यास्नी कळलं हुतं. घरी आल्या आल्या मला सांगितलं. दुसऱ्या कुनाला न्हाई." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "दर साली कापनी झाली की म्हनायचे, आता येईल त्यो. भ्याला हाय, जरा येळ लागंल."

मी तिच्या पायांशी वाकलो. ती मागे सरली.

"मला न्हाई जमायचं तुमास्नी माफ कराया," ती म्हणाली. "पाच वर्सं म्या त्यास्नी धरून धरून खाचरात नेलं. पर त्यांनी सांगून ठिवलंय, डायवर आला तर उपाशी धाडू नगं. बसा."

मी ओट्यावर बसलो. तिने आतून म्हशीचं तापवलेलं दूध आणलं, पितळी पेल्यात, काठोकाठ. पेला हातात धरवत नव्हता इतका गरम होता. ती समोर उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढून, आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथून हलली नाही.